पाहुणे आले की बंद पडणारं टर्मिनल

टर्मिनल बंद पडलं की आधी त्याच्यासमोर बसलेल्या माणसाकडे बोट दाखवायचं, ही रीत मी सोलापुरातल्या बऱ्याच ऑफिसांत पाहिली. समोर बाई बसलेली असेल तर मग विचारायलाच नको. ‘तिनं काहीतरी दाबलं असणार’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकताना माझा हात आपोआप पेचकसाकडे जातो.

मी तेव्हा सात रस्त्याजवळच्या एका लहानशा कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. कारखाने, पतसंस्था, साखर कारखाने यांच्याकडे जे मधल्या आकाराचे काँप्युटर असत, त्यांच्या केबली आणि टर्मिनलं सांभाळणं हे आमचं काम. आजच्या मुलांना सांगायला लागतं ते कसं असायचं. एसीच्या खोलीत फ्रीजएवढं एकच यंत्र. सगळं डोकं त्यात. तिथून करंगळीएवढी जाड केबल निघायची आणि कारखानाभर फिरायची. तिच्यावर एकापुढे एक टर्मिनलं जोडलेली. काळा पडदा, हिरवी अक्षरं, खाली कीबोर्ड. टर्मिनलला स्वतःची अक्कल नाही. वर्गात बाई हजेरी घेतात तसं मोठं यंत्र एकेका नंबराला हाक मारणार आणि ज्याचा नंबर त्यानं ‘हजर’ म्हणायचं. हाकेला उत्तर आलं तर काम चालू, नाही आलं तर पडदा मेला.

आमच्या घरात कन्नड बोलतात. वडिलांचं अक्कलकोटात किराणा दुकान. डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा घरी कोणी काही म्हटलं नाही. पण नोकरीत शिडीवर चढावं लागतं हे कळल्यावर आई रोज डबा भरताना विचारायची, ‘निनगे याके बेकु?’ म्हणजे, तुला कशाला पाहिजे हे? मी म्हणायचे, मला पाहिजे म्हणून पाहिजे. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही.

एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून फोन आला. डिस्पॅचचं टर्मिनल मधेच बंद पडतं. माल गाडीत भरताना गठ्ठ्यांचे नंबर तिथं टाकायचे, मग मालाबरोबरचं चलन छापून निघायचं आणि गाडी सुटायची. टर्मिनल मेलं की गाडी फाटकातच उभी.

मी गेले. फाटकावरचा वॉचमन माझ्या मागं बघत म्हणाला, “इंजिनेर कुटं हायेत?”

“मीच.”

“व्हय का? मग जावा की आत.”

माग चालू असताना त्या शेडमध्ये अगदी जवळ गेल्याशिवाय बोलणं ऐकू यायचं नाही, लांबचे सगळे ओठांवरून ओळखायचे. शेड ओलांडून डिस्पॅचच्या काउंटरपाशी पोचले तर तिथं एक नवा, कॉलर कडक केलेला क्लार्क बसला होता. टर्मिनल व्यवस्थित चालू. इथं नेहमी कोण बसतं म्हणून विचारलं, तर त्यानं मानेनं कोपऱ्याकडे खूण केली. कोपऱ्यात लांब टेबलावर बायका टॉवेलच्या कडांचे सुटे धागे कात्रीनं छाटत होत्या. त्यांतली एक बाकीच्यांपासून जरा अंतर ठेवून, पाठ ताठ करून बसली होती.

तीच ती. पन्नाशीच्या आतबाहेरची, विणकर घरातली, घरी तेलुगू बोलणारी. सगळे तिला अक्का म्हणायचे. आमच्या कन्नडमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळं माझ्या तोंडी ते लगेच बसलं. कारखान्यात काँप्युटर आला तेव्हा डिस्पॅचवर बसायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा ही बसली होती. नवरा गेल्यावर सासरच्या वाट्याचे माग तिनं स्वतः चालवले होते, मशीनची भीती तिला काय असणार!

“अक्का, काय होतं नेमकं?” मी विचारलं.

तिनं कात्री खाली ठेवली नाही. “मला विचारू नका. मी मुद्दाम बंद करते म्हणतात. मॅनेजरसाहेब सगळ्या डिस्पॅचसमोर बोलले. हमालांसमोर.”

“आणि तुम्ही?”

“मी काय सांगणार? मी म्हटलं, नाही करत. ते म्हणाले, खोटं बोलू नका.” एक धागा कचकन तुटला. “एवढ्या वर्षांत मला खोटं बोलते असं कोणी म्हटलं नव्हतं.”

मी केबल तपासली. जोड उघडून बघितले. तार सुटलेली नाही, उंदरानं कुरतडलेली नाही. लाइनीच्या शेवटच्या टर्मिनलवर एक बटण असतं, लाइन इथं संपली हे सांगणारं. ते बरोबर होतं. काउंटरवरचं टर्मिनल बदलून आमच्याकडचं लावून पाहिलं. दोन्ही सारखीच छान चालली. मला बिघाड सापडला नाही. बिघाड सापडत नाही तेव्हा मला फार राग येतो, स्वतःचाही आणि बिघाडाचाही.

मॅनेजरनी वर केबिनमध्ये बोलावलं. शेडच्या एका टोकाला लोखंडी जिना चढून काचेची केबिन, तिथून सगळा कारखाना दिसायचा. माणूस बोलायला गोड. चहा मागवला.

“मॅडम, मशीन ठीक आहे ना?”

“आत्ता तरी ठीक आहे.”

“मी तेच म्हणतोय. आमच्याकडे बाहेरदेशचे खरेदीदार येतात. ते आले की मी त्यांच्यात अडकलेला असतो, खाली लक्ष देता येत नाही. आणि नेमकं त्याच वेळी हे टर्मिनल बंद पडतं. दर वेळी. मी नसलो की बाईंना विश्रांती हवी असते. सोपं आहे.”

त्यांनी काचेतून खाली काउंटरकडे बोट दाखवलं.

“आणि बघा, तिला उठवल्यापासून एकदाही बंद पडलेलं नाही. आता याहून काय पुरावा पाहिजे? तुम्ही फक्त खाली येऊन सगळ्यांसमोर एकदा सांगा की मशीनमध्ये दोष नव्हता, बसणाऱ्याचा होता. म्हणजे विषय संपला.”

चहा आला होता. मी कप उचलला नाही. “तिला उठवल्यापासून पाहुणे आलेत का, साहेब?”

“नाही. उद्या यायचेत. का?”

“मशीनमध्ये मला दोष दिसला नाही, एवढं मी सांगेन. बसणाऱ्याचा दोष मला दिसलेला नाही. जे दिसलं नाही ते मी सांगत नसते.”

“मॅडम, तुम्ही आमच्या कामाला आलायत.”

“म्हणूनच सांगतेय.”

ऑफिसात परत आले तर आमच्या मालकांना आधीच फोन येऊन गेलेला. ते खुर्चीत मागं रेलून बसले होते. “तू दुरुस्तीला जातेस की भांडायला?”

“दुरुस्ती झालेली नाही, सर. उद्या परत जायला लागेल.”

“मशीन चालू आहे. गिऱ्हाईक म्हणतंय चालू आहे. कॉल बंद. उद्या तू पतसंस्थेत जायचंस, त्यांचा प्रिंटर अडलाय.”

“पतसंस्थेत दुपारी जाते.”

“सकाळी कुठं?”

मी उत्तर दिलं नाही. खरं तर दिलं, पण ते दारातून बाहेर पडताना दिलं, त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळलं. पाहुणे आले की बंद पडतं. मॅनेजरनी ते अक्कांच्या विरुद्ध म्हणून सांगितलं होतं, पण मला तो माणसाबद्दलचा पुरावा वाटेना. पाहुणे आले की कारखान्यात आणखी काय बदलतं? कुठला एसी लागतो? कुठली लिफ्ट चालते? मोठी मोटर सुरू झाली तर केबलवर परिणाम होऊ शकतो. आम्ही तसं पाहिलेलं होतं.

सकाळी मी माझ्या स्कूटीवरून गेले. बोलावणं नव्हतं. वॉचमननं या खेपेला नुसता हात वर केला. डिस्पॅचला एक ट्रक लागलेला होता, हमाल गठ्ठे चढवत होते आणि नवा क्लार्क नंबर टाकत होता. मी काउंटरमागं एक स्टूल ओढून बसले. त्याला ते आवडलं नाही.

फाटकातून एक पांढरी गाडी आली. पाहुणे उतरले, मॅनेजर हार घेऊन पुढं गेले आणि सगळे जिन्यानं वर चढले. मी पडद्याकडे बघत होते. हिरवी अक्षरं एकदा थरथरली. मग पडदा गोठला. क्लार्कनं एक बटण दाबलं, मग दुसरं, मग सगळीच दाबली. काही नाही.

“मी काही केलं नाही,” तो चटकन म्हणाला. अगदी रडवेल्या आवाजात.

“मला माहीत आहे,” मी म्हणाले. “हे सगळ्यांना मोठ्यानं सांगा, तेवढं एक काम करा.”

आता शोधायला माझ्याकडे जिवंत बिघाड होता. कारखान्याचा इलेक्ट्रिशियन पॅनेलजवळ बिडी विझवत उभा होता. म्हातारा माणूस, मोहोळकडचा, कानाला पेन्सिल लावलेली. मी त्याला विचारलं, “मामा, पाहुणे आल्यावर वर काय काय चालू होतं?”

“वर? एशी. पंखं. अन् सायबांचा काँप्युटर.”

“साहेबांच्या केबिनमध्ये काँप्युटर आहे?” मी कालच तिथं बसले होते. टेबलावर काचेखाली देवाचे फोटो होते, बाकी काही दिसलं नव्हतं.

“हाय की. कपाटाच्या बाजूला, कापड टाकून ठिवल्याला असतुय. पावनं आलं की कापड काडत्यात.”

“तो कधी बसवला?”

“दिवाळीच्या आदी. हिशेबाच्या खोलीतला जुना टर्मिनल भंगारात निगाला हुता. सायब म्हनले, हिकडं लाव. मी लावला की. डिस्पॅचला जाती ती वायर वरच्या पत्र्यामागनं जाती, तितनंच जोड काडला.” मग त्याला माझं तोंड दिसलं असावं. “का वो म्याडम? चुकलं का काय?”

तसं करायला नको होतं, पण मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मामांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना सांगितलं ते त्यांनी केलं होतं, आणि जोड चांगला घट्ट केला होता. चूक एवढीच की ते भंगारातलं टर्मिनल पूर्वी दुसऱ्या लाइनीवर होतं आणि त्याचा नंबर तोच राहिला होता. तोच नंबर आमच्या डिस्पॅचच्या टर्मिनलचा. मोठं यंत्र हाक मारणार एका नंबराला आणि दोन ठिकाणाहून एकदम ‘हजर’ येणार. दोघांचा आवाज एकमेकांत मिसळला की यंत्राला कोणाचंच कळत नाही. यंत्राच्या खोलीत नोंद नसल्यामुळं केबिनमधलं टर्मिनल कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं. बंद असायचं तेव्हा कोणाचं काही बिघडायचं नाही. चालू झालं की अक्का खोटारडी ठरायची.

मी जिना चढले. केबिनचं दार काचेचं. आत पाहुणे सोफ्यावर, समोर काजू, आणि मॅनेजर उभे राहून कपाटाशेजारच्या टर्मिनलकडे हात करून इंग्रजीत सांगत होते की आमचा सगळा कारखाना काँप्युटरवर चालतो. टर्मिनलवर काय होतं? डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. बाकी काळा पडदा. त्यावर कधी कोणी काम केलंच नव्हतं.

मी दार ढकललं.

“मॅडम, आत्ता नाही,” मॅनेजर हसऱ्या चेहऱ्यानं, दात न उघडता म्हणाले.

“साहेब, एवढं टर्मिनल बंद करा. खाली ट्रक उभा आहे.”

“बाहेर थांबा. नंतर बोलू.”

“बंद करायला नंतर कशाला?”

“मी सांगितलं ना, बाहेर थांबा.” आता हसणं गेलं होतं.

 नोकरी जाईल हे कळत होतं. पण खाली ती धागे कापत बसली होती, आणि हा माणूस काजू खात होता. मी पुढं झाले, वाकले आणि मागचं बटण दाबलं. पडदा विझला.

 मी काचेजवळ जाऊन खाली बघत उभी राहिले. मोठं यंत्र पुन्हा हाक मारायला थोडा वेळ घेतं. तेवढा वेळ फार लांब गेला. मग खालून, मागांच्या खडखडाटातूनही ऐकू यावा असा हमालांचा ओरडा आला, “आलं! आलं!”

पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, काय झालं? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, “आता तुमचा माल निघेल.” तो हसला. मॅनेजर हसले नाहीत.

पाहुणे जेवायला गेल्यावर त्यांनी मला परत बोलावलं. चहा नव्हता.

“पाहुण्यांसमोर तुम्ही माझी शोभा केलीत.”

“अक्कांची तुम्ही हमालांसमोर केलीत. पाहुणे निघून जातात, साहेब. हमाल रोज भेटतात.”

त्यांनी टर्मिनलवर परत कापड टाकलं. “ठीक आहे,” म्हणाले. “जे झालं ते झालं. तिला सांगा, उद्यापासून जागेवर बस.”

“मी नाही सांगणार. उठवलं तुम्ही, बसवा तुम्ही.”

मी त्या टर्मिनलचा नंबर बदलला नाही. मी त्याची जोडणीच काढून टाकली आणि मामांना सांगितलं, परत लावायचं असेल तर आधी मला विचारा. मामा म्हणाले, “लावत न्हाय. माज्या म्हातारीची शपत.”

केबिनमधल्या टर्मिनलची गोष्ट मामांकडून तोवर खाली सगळ्यांना कळली होती. निरोप अक्कांपर्यंत पोचवला तो सुपरवायझरनं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा धागे कापायला लागल्या. सुपरवायझर म्हणाला, “अहो, सायबांनी बोलावलंय काउंटरवर.” त्या म्हणाल्या, “मला खोटारडी म्हटलं ते इथं, या सगळ्यांसमोर. मला बरी म्हणायचं असेल तर तेही इथंच म्हणा.”

टेबलावरच्या बायकांच्या कात्र्या थांबल्या. त्या दिवशी मला पतसंस्थेत जायचं होतं, मी गेले नाही. हे बघितल्याशिवाय मी कुठं जाणार होते!

दुपारी दुसरा ट्रक लागला. नव्या क्लार्कला दोन प्रकारचे गठ्ठे एकदम सांभाळता येईनात, चलन चुकीचं निघालं, ड्रायव्हर शिव्या घालायला लागला. टर्मिनल चालू, माणूस अडलेला. हमाल गठ्ठ्यांवर बसून राहिले. मला वाटतं ते थोडे मुद्दामच बसले होते. शेवटी मॅनेजर जिना उतरून आले. धाग्यांच्या टेबलापाशी उभे राहिले. मागांच्या आवाजात त्यांना ओरडावं लागलं, त्यामुळं ते लपवून बोलता येण्यासारखं नव्हतं.

“मशीनची चूक होती!”

अक्का उठल्या. पदर खोचला. मॅनेजरएवढ्या उंच त्या नव्हत्या, पण मान वर करून बोलल्या. “मशीनची नाही, साहेब. तुमच्या केबिनमधल्या मशीनची.”

 मॅनेजर म्हणाले, “हो. माझ्या.” एवढंच. माफ करा वगैरे नाही. अक्कांनी ते तेवढ्यावर घेतलं. कात्री टेबलावर ठेवली आणि काउंटरकडे चालायला लागल्या. हमाल आपोआप बाजूला झाले. क्लार्क खुर्चीवरून उठला तो असा उठला की जणू सुटला.

माझं काय झालं? दुसऱ्या दिवशी मालकांनी सांगितलं, जाऊन माफी माग. मी म्हटलं, चूक कुठली ते सांगा, मागते. त्यांना चूक सांगता येईना आणि मला काढताही येईना, कारण टेंभुर्णीच्या बाजूला फिरायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा शिक्षा म्हणून मला तिकडची सगळी कामं दिली. एसटीत उभं राहून जायचं, उन्हात साखर कारखान्याच्या पत्र्यावर चढायचं. मी ती कामंही केली आणि तिथंही गप्प बसले नाही. त्या टॉवेलच्या कारखान्यात मला परत पाठवलं नाही. पुढं ती टर्मिनलं गेली, पीसी आले, जाड केबल जाऊन निळी बारीक वायर आली. मी स्वतःचं काम सुरू केलं. आज माझ्याकडे कामाला मुली आहेत, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की जे तपासलं नाही ते बोलायचं नाही, गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी.

मधे एकदा नवी पेठेत गर्दीत कोणीतरी मागून दंड धरला. अक्का. केस पांढरे, चष्मा नवा, आवाज तोच. पीसी आले तेव्हा तिला पुन्हा उठवायला निघाले होते म्हणे, नव्या पोरांना बसवायला. ती म्हणाली होती, शिकवा, नाही जमलं तर मग उठवा. जमलं. निवृत्तीपर्यंत तिथंच होती.

“आणि ते मॅनेजर?” मी विचारलं.

“ते माझ्या आधी निवृत्त झाले. मोठा कार्यक्रम केला. सगळे हार घालायला वर गेले.”

“तुम्ही?”

“गाडी भरायची होती,” अक्का म्हणाली. “मी कशाला जाऊ?”

उन्हं कडक होती. आम्ही दोघी कोपऱ्यावर उसाचा रस प्यायला थांबलो आणि पैसे कोणी द्यायचे यावरून रसवाल्यासमोर चांगल्या भांडलो. तिथं मात्र माझं काही चाललं नाही.